आदिवासी-दलित मुलं इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडू नयेत म्हणून

पहिल्या वर्षाला मी गणित शिकवते. मेळघाटातून, गडचिरोलीतून आलेलं मूल बहुतेक वेळा पहिल्या निकालानंतर खचतं. म्हणून केटी लागेपर्यंत, म्हणजे विषय नापास होऊन मागे राहीपर्यंत, थांबू नका. पहिल्या युनिट टेस्टचे पेपर तपासून झाले की त्याच आठवड्यात अभ्यासाचे गट बसवा.

‘कच्च्या मुलांचा वर्ग’ असं नाव चुकूनही देऊ नका. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या युरी ट्राइसमन यांच्या लक्षात आलं, की कॅल्क्युलसमध्ये मागे पडणारे कृष्णवर्णीय विद्यार्थी अभ्यास करत होते, पण एकेकटे. चिनी वंशाचे विद्यार्थी मिळून करत. मग त्यांनी गट केले आणि सोपी नव्हे, अवघड गणितं दिली. निकाल बदलला.

मीही चौघांना एका फळ्यापाशी उभं करते. y = x² आणि y = x यांच्यामधलं क्षेत्रफळ काढायचं. सूत्राला हात लावायचा नाही, आधी आकृती. खडू सगळ्यात गप्प असेल त्याच्या हातात द्या. १/६ कुठून आलं ते त्याने बाकीच्यांना पटवायचं. मराठीत, गोंडीत, कसंही. मध्ये बोलू नका, अगदी जिवावर आलं तरी.

पैशांचं तुम्हीच विचारा, मुलं सांगत नाहीत. महाडीबीटीवरचा, म्हणजे सरकारी पोर्टलवरचा, शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे अडकलाय, खातं आधारला जोडलंय का, हे सोबत बसून बघा. पास होऊन जाणाऱ्यांकडून ड्राफ्टर (ड्रॉइंगचं साधन) मागून गरजू मुलांसाठी कपाटात ठेवा.

दिवाळीनंतर कोण परतलं नाही, त्याला पहिल्याच दिवशी फोन लावा. घरच्यांशीही बोला.