देव मानत नाही, पण गुरुद्वाऱ्यात जायचंय? मग हे वाचा

मी नास्तिक, म्हणजे घरी गणपती आला की मोदकांपुरता आस्तिक. तरी ठाण्यात तीन हात नाक्याच्या गुरुद्वाऱ्यात तीनचार वेळा जाऊन आलोय, आणि पहिल्यांदा जाताना कुणीतरी सांगायला हवं होतं असं जे जे वाटलं ते लिहितोय.

पहिलं म्हणजे दारात कुणी धर्म विचारत नाही, जात नाही, देव मानता का हे तर नाहीच. रविवारी सकाळी जा, माणसं असतात, कीर्तन असतं. निघायच्या आधी खिसे बघा, सिगरेट, तंबाखू, गुटखा काही आत चालत नाही, माझा मित्र पाकीट खिशात घेऊन आलेला, गेटवरून परत जाऊन बाईकच्या डिकीत टाकून आला. चपला काढायच्या, हातपाय धुवायचे, डोकं झाकायचं. दाराशी टोपलीत रुमाल असतात पण सारखे निसटतात, घरून मोठा न्या.

आत मूर्ती नाही, समोर गुरु ग्रंथ साहिब. लोक माथा टेकतात, मला ते जमत नाही, मी हात जोडून बाजूला सरकतो, कुणी वळूनसुद्धा बघत नाही. मांडी घालून बसा, ग्रंथाकडे पाय पसरू नका. अरदास म्हणजे सगळ्यांची प्रार्थना, ती सुरू झाली की सगळे उठतात तेव्हा उठा, तोंडाने काही म्हटलं नाही तरी चालतं. मग कडाह प्रसाद, आपला शिराच पण कणकेचा, तुपाने थबथबलेला, तो ओंजळीत घ्यायचा. मी एकच हात पुढे केला तर वाढणारे काका हसून माझ्या दुसऱ्या हाताकडे बघत थांबले.

कीर्तनात 'नामदेव' ऐकू आलं तर दचकू नका, ते आपलेच. त्यांची 61 पदं त्या ग्रंथात आहेत, शिवाय कबीर, रविदास, शेख फरीद. म्हणजे एवढी मंडळी ज्याच्यापुढे वाकतात त्यात एक शिंपी, एक विणकर, एक चांभार आणि एक सुफी आहे, माझ्यासारख्याला तर देवापेक्षा हेच जास्त भारी वाटलं.

मग लंगर, तो चुकवू नका. जमिनीवर पंगत, शेजारी कोण बसेल सांगता येत नाही. 'परशादा' म्हणजे पोळी, ती दोन्ही हात पुढे करून घ्यायची, नको असेल तर हात जोडायचे. थोडं थोडं घ्या, कितीदाही वाढतात पण ताटात टाकलेलं वाईट दिसतं.

फुकट जेवल्याची लाज वाटली तर भांडी घासायला जा. तिथे बाह्या वर करून उभं राहिलं की पाच मिनिटांत गप्पा सुरू होतात, डोक्यातले प्रश्न तिथेच विचारा, फक्त देव आहे याचा पुरावा काय हा तेवढा पुढच्या रविवारी.