चुण्यांचा इलॅस्टिक धागा: निवड, शिलाई आणि निगा

झबल्याच्या छातीला किंवा फ्रॉकच्या कमरेला बारीक चुण्या पाडायच्या, तर आधी रिळावरच्या धाग्याचं पोट कशाचं आहे ते बघा. बाहेरून दिसतो तो पॉलिस्टर किंवा सुती वेढा. ताणतं ते आतलं रबर, नाहीतर स्पॅन्डेक्स.

रबराचा धागा रबराच्या झाडाच्या चिकात गंधक मिसळून काढतात. गंधकामुळे रबराच्या लांब साखळ्या एकमेकींना जागोजागी बांधल्या जातात, म्हणून ताण सोडला की धागा मूळ लांबीवर येतो. स्पॅन्डेक्स १९५८ साली ड्यूपाँ कंपनीत तयार झालं. ते पॉलियुरेथेन, म्हणजे एक ताणणारं प्लास्टिक आहे. रबराची परत येण्याची ओढ जोरकस, पण तेल, ऊन आणि ब्लीच त्याला मानवत नाही. खोबरेल चोपडलेल्या बाळाच्या झबल्याला म्हणूनच स्पॅन्डेक्स घ्यावं. दुकानदाराला सांगता आलं नाही, तर वेढा सोडवून आतला तुकडा रात्रभर रॉकेलमध्ये ठेवा. रबर चांगलंच फुगतं, स्पॅन्डेक्स फारसं बदलत नाही.

उघड्या रबरी धाग्याचा नंबर म्हणजे एका इंचात शेजारी शेजारी बसणारे धागे. ४० नंबर म्हणजे सुमारे ०.६४ मिमी, नंबर वाढला की धागा बारीक.

शिवताना हा धागा फक्त बॉबिनवर, म्हणजे मशीनच्या खालच्या छोट्या रिळावर. सुईत ओवला तर नेढ्यात घासून तुटतो. बॉबिन हातानेच भरा, न ताणता, पण सैल लोंबूही न देता. मशीनवर भरली तर धागा ताणलेला बसतो आणि चुण्या कुठे घट्ट, कुठे ढिल्या येतात. वर साधा पॉलिस्टर धागा, टाका ४ मिमी, कापडाची सुलट बाजू वर. ओळींत १ सेंमी अंतर. दुसऱ्या ओळीपासून कापड दोन्ही हातांनी सपाट ताणून धरायचं, नाहीतर आधीच्या चुण्या टाक्यात दाबल्या जातात. शेवटी उलट टाका मारू नका, सुई इलॅस्टिकमध्ये घुसून ते कापते; दोन्ही धाग्यांची गाठ मारून टोकं बाजूच्या शिलाईत पकडा. चुण्या कमी पडल्या तर बॉबिन केसचा स्क्रू पाव फेरा आवळा.

कापड किती लागेल याचा अंदाज बांधू नका, त्याच कापडाची २० सेंमी पट्टी घेऊन पाच ओळी मारा. इस्त्री न टेकवता वरून वाफ द्या, चुण्या आणखी आवळतात. मग मोजा. पट्टी ११ सेंमी झाली आणि घेर ७० हवा असेल, तर ७० × २० ÷ ११, म्हणजे सुमारे १२७ सेंमी कापड, शिलाईची माया वेगळी.

धुताना ब्लीच नको, वाळवायचं सावलीत. उरलेलं रीळ बंद डब्यात, अंधारात ठेवा. डबा तांब्या-पितळेचा नको, तांब्यानं रबर लवकर खराब होतं. धागा चिकट लागला किंवा ताणताच आतून तुटक झाला, तर तो पुन्हा सुधारत नाही. ती ओळ उसवून नवा धागा घाला.