सोसायटीचा डांबरी रस्ता: वरून थर द्यायचा की उखडून नवा करायचा?

गेटपासून पार्किंगपर्यंतचा डांबरी रस्ता दहा-बारा पावसाळे काढतो आणि मग दर सर्वसाधारण सभेत तोच विषय निघतो. कुणी म्हणतं, वरून कार्पेट, म्हणजे डांबर-खडीचा नवा थर, मारून घ्या. कुणी म्हणतं, सगळं उखडून टाका. वाद रंगतो तो वरचे खड्डे पाहून. पण रस्ता धरून ठेवतो तो डांबराखालचा खडी-मुरुमाचा थर. तो शाबूत असेल तर नवा थर वर्षानुवर्षं टिकतो, आणि तो गेलेला असेल तर कितीही चांगलं कार्पेट टाका, एक-दोन पावसाळ्यांत जुन्याच जागी भेगा वर येतात. म्हणून कोटेशन मागवायच्या आधी थोडी तपासणी करा. तिला खर्च फारसा येत नाही.

पाहणी भर पावसाळ्यात करा. जोराची सर थांबल्यावर तासाभराने छत्री घेऊन रस्त्यावरून फिरा आणि पाणी कुठे साचलंय त्याचे मोबाईलवर फोटो काढा. पाण्याचा टँकर येतो तेव्हा त्याच्या चाकांकडे बघत उभे राहा. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये नुसतं पाणीच 10 टन असतं, शिवाय गाडीचं वजन वेगळं. तुमच्या रस्त्याची खरी परीक्षा घेणारी गाडी तीच. चाक पुढे गेल्यावर भेगेतून मातकट पाणी वर येत असेल, तर तिथे खालची माती खडीत मिसळली आहे आणि प्रत्येक फेरीला थोडी थोडी बाहेर फेकली जाते आहे. तेवढ्या भागावर वरून थर देण्याचा विचार सोडून द्या.

रस्ता कोरडा झाला की खडू घेऊन भेगा वाचायच्या. पांढुरका पडलेला पृष्ठभाग, हाताला सुटी लागणारी बारीक खडी, केसाएवढ्या भेगा, हे सगळं डांबराचं वय झाल्याचं लक्षण. ऊन आणि हवेने डांबर कडक होतं, त्याचा चिकटपणा जातो. यात खालच्या थराचा दोष नसतो. लांब, एकेकट्या भेगाही तशाच. त्या वेळेत डांबराने भरल्या तर पाणी आत जात नाही. रस्त्याला एवढंच झालं असेल, तर यंदा भेगा भरा, फार तर सील कोट, म्हणजे वरून डांबराचा पातळ लेप, करा आणि मोठा खर्च पुढे ढकला.

चिंता करायची ती जाळीदार भेगांची. मगरीच्या पाठीसारखे छोटे छोटे तुकडे पडलेले असतात आणि पाय दिला तर एखादा तुकडा हलतो. असा भाग खालून ढिला झालेला असतो. चाकांच्या रेषेत रस्ता खचला असेल तर तेही त्याच जातीचं दुखणं. मात्र गॅस, केबल किंवा ड्रेनेजसाठी खणलेल्या चरावरचा खचलेला पट्टा वेगळा धरा. तिथे भराव नीट दाबलेला नसतो; तेवढा चर पुन्हा उघडून थराथराने दाबून घेतला की काम होतं. एका चरासाठी अख्खा रस्ता उखडू नका.

आता जाळीदार आणि खचलेल्या भागांभोवती खडूने चौकोन आखा, टेपने मोजा आणि क्षेत्रफळांची बेरीज करा. एकूण रस्त्याच्या साधारण एक चतुर्थांशापेक्षा कमी भाग बिघडलेला असेल, तर तो भाग मुळापासून दुरुस्त करून सगळ्यावर नवा थर देणं परवडतं. त्याहून बराच जास्त असेल, तर ठिगळांचा खर्चच नव्या रस्त्याजवळ जातो आणि ठिगळांच्या कडा पुढे त्रास देतात. हा आकडा ढोबळ आहे. खात्री करायला खड्डा घ्या.

दोन फूट बाय दोन फुटांचे निदान दोन खड्डे: एक सर्वांत वाईट जागी, एक चांगल्या दिसणाऱ्या जागी. त्याआधी प्लंबर आणि गॅसवाल्यांकडून पाइप कुठून जातात ते विचारून घ्या. खणताना डांबराची जाडी मोजा. मग त्याखालची खडी हातात घेऊन बघा. चांगली खडी स्वच्छ, टोकदार आणि एकमेकीत गच्च बसलेली असते, तिच्यात पहार सहज शिरत नाही. मातीने लडबडलेली, मुठीत दाबल्यावर लाडू वळेल अशी निघाली, तर तो थर संपला. तिच्याखाली काळी माती असेल तर जास्त जपा. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यावरचं सगळं हलवते. पुणे, नाशिक, मराठवाडा, विदर्भ या पट्ट्यांत ती कुठेही सापडेल. खाली मुरूम किंवा कोकणातल्यासारखा जांभा लागला तर ही भीती बरीच कमी. चांगल्या जागच्या खड्ड्यातही चिखल निघाला, तर वरून गुळगुळीत दिसणाऱ्या भागावर विसंबू नका. तो पुढच्या काही वर्षांत तसाच फुटणार आहे.

यानंतर लेव्हल. याकडे बहुतेक समित्या लक्षच देत नाहीत. 40 मिलिमीटरचा थर म्हणजे रस्ता तेवढाच वर येतो. आधी एक-दोन वेळा कार्पेट झालेलं असेल, तर रस्ता आणि पार्किंगची फरशी जवळपास एका पातळीत आलेली असते, आणि पुढच्या थरानंतर पावसाचं पाणी लिफ्टच्या खड्ड्याकडे वाहू लागतं. प्रत्येक इमारतीच्या दारात, रॅम्पच्या तोंडाशी आणि प्रत्येक चेंबरच्या झाकणाशी किती उंची शिल्लक आहे ते मोजून लिहून ठेवा. उतारही बघा. डांबरी रस्त्याला मधून कडेला दर मीटरला 2 ते 2.5 सेंटिमीटर उतार हवा. दोरी ताणून आणि पारदर्शक नळीत पाणी भरून हे कुणालाही तपासता येतं. पाया चांगला, पण उंची शिल्लक नाही, अशी स्थिती असेल तर जुना थर आधी खरवडून काढायचा आणि मग नवा टाकायचा. उतारच उलटा असेल तर मात्र वरून थर देऊन तो पुरता सुधारत नाही, खालचा थरच पुन्हा बसवावा लागतो.

एवढं हातात आलं की निर्णय फारसा अवघड राहत नाही. पाया घट्ट, बिघाड थोडा, उंची शिल्लक: वरून थर. पाया चिखलाने भरलेला, बिघाड जागोजागी, पाणी इमारतीकडे: उखडा. मधली स्थिती असेल तर रस्त्याचे भाग पाडा. टँकर येतो तो गेटजवळचा पट्टा नवा करून मागच्या बाजूला फक्त थर देणं यात काहीही गैर नाही. उखडायचं ठरलं तर जुन्या ड्रेनेज आणि पाण्याच्या लाइनी त्याच वेळी बदला आणि पुढच्या केबलसाठी रिकामे पाइप टाकून ठेवा. वारंवार खोदावं लागणाऱ्या जागी आणि जिथे गाड्यांचं तेल सांडतं तिथे पेव्हर ब्लॉक बरे, कारण पेट्रोल-डिझेलने डांबर विरघळतं. पैसे सिंकिंग फंडातून (मोठ्या कामांसाठी साठवलेल्या सोसायटीच्या निधीतून) काढायचे असतील तर सर्वसाधारण सभेचा ठराव आधी करून घ्या.

कोटेशनमध्ये जाडी "दाबल्यानंतरची" असं स्पष्ट लिहून घ्या. अंथरताना 40 मिलिमीटर दिसणारा माल रोलर फिरल्यावर 32 च्या आसपास येतो, आणि नेमकं इथेच ग्राहकाचं नुकसान होतं. माल वजनावरही तपासता येतो. दबलेल्या हॉट मिक्सचं (गरम डांबर-खडीच्या मिश्रणाचं) वजन घनमीटरला साधारण 2.3 ते 2.4 टन भरतं. शंभर मीटर लांब, चार मीटर रुंद रस्त्यावर 30 मिलिमीटर थर म्हणजे 12 घनमीटर, म्हणजे 28 टनांच्या आसपास. प्रत्येक ट्रकची काटा पावती मागा आणि बेरीज करा.

थर टाकण्याआधी बिघडलेले भाग दुरुस्त व्हायला हवेत, भेगा भरायला हव्यात आणि रस्ता कंप्रेसरने स्वच्छ व्हायला हवा. मग टॅक कोट, म्हणजे नवा थर जुन्याला चिकटवणारा डांबराचा पातळ फवारा. हे इमल्शन (डांबर आणि पाण्याचं मिश्रण) फवारलं की तपकिरी दिसतं आणि त्यातलं पाणी सुटलं की काळं होतं. काळं होईपर्यंत माल टाकू देऊ नका, नाहीतर नवा थर जुन्याला धरत नाही आणि पुढे पापुद्र्यासारखा निघतो. नेहमीच्या व्हीजी-30 प्रतीच्या डांबराचा माल प्लँटमधून 150 ते 165 अंशांवर निघतो, अंथरताना तो निदान 140 अंश हवा आणि 90 च्या खाली जाण्याआधी रोलिंग संपायला हवं. साधा इन्फ्रारेड थर्मामीटर समितीच्या कुणाकडे तरी असू द्या. ट्रक वाहतुकीत अडकून माल गार झाला असेल, तर तो परत पाठवण्याचा अधिकार करारात लिहून ठेवा.

काम पाऊस पूर्ण ओसरल्यावर धरा, मे अखेरपर्यंत ओढू नका. झाल्यावर दिवसभर तरी गाड्या बाहेर ठेवा, आणि पहिले काही दिवस दुचाकीच्या साइड स्टँडखाली फळीचा तुकडा ठेवायला सांगा. मग टँकरभर पाणी रस्त्यावर सोडून ते कुठे थांबतं ते बघा. बिलातली काही रक्कम पहिला पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवायची अट सुरुवातीलाच घाला. पाणी साचलेली प्रत्येक जागा त्या रकमेतून दुरुस्त करून घेता येते.