ऑफिसच्या व्हॉइसमेलची नोटिफिकेशन्स नीट कशी लावायची

ऑफिसातल्या व्हॉइसमेलबद्दल तक्रारी दोनच येतात, एक म्हणजे "मेसेज आलाय हे मला कळलंच नाही" आणि दुसरी "दिवसभर टिंग टिंग चालू असतं, मी आता बघतच नाही". ऐकायला एकदम उलट वाटतात पण दोन्हीचं मूळ एकच आहे, सिस्टिम लावताना जे जे ऑप्शन दिसले ते सगळे चालू केलेले असतात आणि कोणता मेसेज कोणाला, किती घाईने कळायला हवा हे कोणी ठरवलेलंच नसतं. मग एकाच मेसेजचा फोनवर दिवा लागतो, ईमेल येतो, एसएमएस येतो, ॲपवर पण काहीतरी येतं, माणूस चारही गोष्टींना सरावतो आणि खरंच अर्जंट मेसेज आला की तोही त्याच गर्दीत जातो. माझं ठाम मत आहे की एका मेसेजला एकच जबाबदार माणूस हवा आणि त्याच्यापर्यंत पोचायला आवाज करणारा मार्ग एकच हवा, बाकीचे चालू ठेवले तरी मुके ठेवा. खाली जे लिहिलंय ते सगळं हे कसं साधायचं याबद्दलच आहे.

आधी टेबलावरच्या फोनचा दिवा. बहुतेक ऑफिस फोनवर एक लाल लाइट असतो, न ऐकलेला मेसेज असला की तो लागतो, आणि ज्या फोनला लाइट नाही तिथे रिसीव्हर उचलल्यावर डायल टोन सुरुवातीला तुटक तुटक ऐकू येतो, त्याचाही अर्थ तोच. ही खूण कधीच बंद करू नका, कारण ती कोणाला त्रास देत नाही आणि मेलबॉक्समध्ये, म्हणजे सर्व्हरवर आपले व्हॉइस मेसेज साठतात तिथे, आत्ता काय स्थिती आहे ते थेट सांगते. ईमेल किंवा एसएमएस म्हणजे मेसेज आल्याची बातमी, ती एकदा निघाली की निघाली, पण दिवा मेसेज ऐकेपर्यंत लागलेला राहतो. म्हणून मी नव्या माणसाला पहिल्यांदा हेच सांगते की ईमेलवर काहीही दिसो, दिवा लागलेला असेल तर मेलबॉक्स उघडून बघायचाच.

आता दिवा खोटं कधी बोलतो? मेसेज एकही नाही आणि दिवा लागूनच आहे, ही तक्रार फार वेळा येते. आयपी फोनवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या नेटवर्कवर चालणाऱ्या फोनवर, काय होतं की व्हॉइसमेल सर्व्हर फोनला एक छोटा निरोप पाठवतो, त्याचं स्वरूप आरएफसी ३८४२ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात २००४ साली ठरलेलं आहे, त्यात "मेसेज वेटिंग: यस" किंवा "नो" असं असतं आणि पुढे नवे आणि जुने मेसेज किती ते असतं, म्हणजे २/८ आलं तर दोन नवे, आठ जुने. हा निरोप वाटेत हरवला किंवा फोन नेमका त्याच वेळी नेटवर्कवरून पडला तर दिवा आधीच्याच स्थितीत अडकतो. साधा उपाय म्हणजे दुसऱ्या फोनवरून त्या एक्स्टेंशनला (ऑफिसातल्या आतल्या नंबरला) एक टेस्ट मेसेज ठेवायचा आणि तो ऐकून डिलीट करायचा, नवीन निरोप जातो आणि दिवा विझतो. त्याने नाही झालं तर फोन रीस्टार्ट करा, आणि खूप फोनना एकदम होत असेल तर ॲडमिनला दिवे पुन्हा सिंक करायला सांगा, सिस्को युनिटी कनेक्शन या व्हॉइसमेल सिस्टिममध्ये त्यासाठी वेगळी सोय आहे. ॲस्टरिस्क या फोन सिस्टिमच्या सॉफ्टवेअरवर एक खास कारण असतं, कोणी स्क्रिप्टने किंवा बाहेरून मेसेजच्या फाइली उडवल्या तर ॲस्टरिस्कला ते आपोआप कळत नाही, तिथे मेलबॉक्स पोलिंग चालू करावं लागतं, मग ते ठरावीक वेळाने स्वतः तपासतं आणि ही वेळ बदलली नसेल तर ३० सेकंद असते.

ईमेल नोटिफिकेशनवर जरा जास्त वेळ घालवा कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. पहिला प्रश्न, ईमेलबरोबर आवाजाची फाइल पाठवायची का नुसती सूचना? सतत फिरतीवर असलेल्यांना फाइल लागतेच. पण फाइल लावली की माणूस मेसेज ईमेलमध्येच ऐकतो आणि मेलबॉक्सला त्याचा पत्ताच नसतो, मग दिवा लागलेलाच राहतो आणि चार दिवसांनी तोच माणूस म्हणतो "दिवा बिघडलाय". दिवा बिघडलेला नसतो, दोन ठिकाणी दोन कॉप्या आहेत आणि एकीचं दुसरीला कळत नाही एवढंच. ज्या सिस्टिममध्ये इनबॉक्स आणि मेलबॉक्स सिंक होतात, युनिटी कनेक्शनमध्ये याला सिंगल इनबॉक्स म्हणतात, तिथे ते चालू करा, ईमेलमध्ये मेसेज वाचलेला झाला की दिवा पण जातो.

सिंक नसेल तर लोक एक शॉर्टकट मारतात, ईमेल पाठवल्यावर मेसेज सर्व्हरवरून डिलीट करायचा. ॲस्टरिस्क आणि त्याच्यावरच चालणाऱ्या फ्रीपीबीएक्समध्ये हे एका "यस" ने होतं. कृपया ते "यस" करण्याआधी दोनदा विचार करा. एक तर मग दिवा लागायचा प्रश्नच उरत नाही, आणि तो ईमेल स्पॅममध्ये गेला किंवा पत्त्यात एक अक्षर चुकलं असेल तर कस्टमरचा मेसेज कुठेच नाही, परत मिळवायची सोयच नाही. त्यातून अटॅचमेंट "नो" आणि डिलीट "यस" अशी जोडी लागली तर नुसती सूचना येते आणि मेसेज कोणी ऐकायच्या आधीच नष्ट होतो. ही जोडी तुमच्याकडे कोणाच्या मेलबॉक्सवर नाही ना, हे आजच्या आज बघून घ्या.

फाइलच्या साइजचं पटकन सांगते. साधी वेव्ह फाइल, ८ किलोहर्ट्झ १६ बिट, मिनिटाला जवळपास १ एमबी होते, आणि ॲस्टरिस्कमधला वेव्ह४९ फॉरमॅट घेतला तर तेवढ्याच मिनिटाचे साधारण १०० केबी. आवाज थोडा दबतो पण बोलणं स्वच्छ कळतं. मोबाइल डेटावर ऐकणारे जास्त असतील तर वेव्ह४९ घ्या.

ईमेलचा सब्जेक्ट तर कोणी बदलतच नाही, जसा आला तसा "नवीन व्हॉइसमेल" वगैरे ठेवून देतात आणि मग इनबॉक्समध्ये एकाखाली एक सारख्याच दहा ओळी दिसतात. लॉक स्क्रीनवर सब्जेक्टची सुरुवातच दिसते, म्हणून कामाचं आधी आलं पाहिजे. मी असं लावते: "२१४ कडून, ०:४७, मेलबॉक्स ३०२". कोणाचा आहे, किती लांबीचा आहे, कोणत्या मेलबॉक्सवर आहे, तीन गोष्टी झाल्या, उघडायच्या आधीच कळतं की आत्ता मीटिंगमधून उठायचं का नाही. एक-दोन सेकंदाचा मेसेज म्हणजे बहुतेक कोणीतरी बीपनंतर फोन ठेवून दिलाय. असे रिकामे मेसेज फार येत असतील तर कमीत कमी लांबीची सेटिंग असते, तिथे दोन-तीन सेकंद टाका, त्याखालचे मेसेज सिस्टिम ठेवतच नाही आणि त्यांचं नोटिफिकेशनही जात नाही. एवढ्या एका सेटिंगने बरीच टिंग टिंग कमी होते.

आणि ईमेल पोचला म्हणजे माणसाला कळलं असं नाही. मोबाइलवरच्या आउटलुकमध्ये फोकस्ड इनबॉक्स, म्हणजे महत्त्वाचे मेल वेगळे काढायची सोय, चालू असेल आणि नोटिफिकेशन फक्त फोकस्डचं असेल तर व्हॉइसमेलचा मेल "अदर" मध्ये जाऊन गप्प बसतो. जीमेलमध्ये टॅब असतात तिथेही तसंच, आणि कोणी हौसेने रूल करून सगळे व्हॉइसमेल वेगळ्या फोल्डरमध्ये टाकत असेल तर त्या फोल्डरचं नोटिफिकेशन फोनवर चालू आहे का ते बघायला हवं. सर्व्हरचा पाठवणारा पत्ता एकच ठरवा आणि तो सगळ्यांच्या कॉन्टॅक्टमध्ये सेव्ह करायला सांगा.

एसएमएस लावणार असाल तर मजकूर अगदी छोटा ठेवा. इंग्रजी अक्षरात एका एसएमएसला १६० अक्षरं मिळतात, देवनागरीत फक्त ७०, त्यापुढे गेलं की दोन एसएमएस होतात आणि बिल पण दोनाचं. ॲस्टरिस्कमध्ये मेलबॉक्सच्या ओळीत ईमेलनंतर पेजरसाठी अजून एक पत्ता देता येतो, तिथे अटॅचमेंट नसलेली छोटी सूचना जाते, एसएमएस गेटवेला, म्हणजे मेलचा एसएमएस करून देणाऱ्या सेवेला, जोडायला ती जागा बरोबर आहे.

सगळ्यात जोरात वाजणारा प्रकार म्हणजे सिस्टिम स्वतः तुमच्या मोबाइलवर कॉल करते आणि मेसेज ऐकवते. हा फक्त अर्जंटसाठी ठेवा, खरंच फक्त अर्जंटसाठी. युनिटी कनेक्शनमध्ये प्रत्येक नोटिफिकेशन डिव्हाइसला (फोन, ईमेल, एसएमएस असा सूचनेचा एकेक मार्ग) वेगळं शेड्यूल लावता येतं, फक्त अर्जंट मेसेजलाच कळव असं सांगता येतं, पहिलं नोटिफिकेशन इतक्या मिनिटांनी पाठव आणि मेसेज तसाच असेल तर पुन्हा इतक्या मिनिटांनी पाठव असंही ठरवता येतं. पहिला उशीर शून्य ठेवायची घाई करू नका, पाच मिनिटं दिली तर जागेवर असलेला माणूस दिवा बघून मेसेज ऐकून मोकळा होतो आणि मोबाइल वाजतच नाही. अजून एक गोष्ट, कॉल करणाऱ्याला मेसेज अर्जंट करता येतो का आणि ते ग्रीटिंगमध्ये, म्हणजे बीपच्या आधी ऐकू येणाऱ्या निरोपात, सांगितलंय का? ग्रीटिंगमध्ये "तातडीचं असेल तर अमुक बटण दाबा" नसेल तर अर्जंटचा फिल्टर लावून काहीच उपयोग नाही, बाहेरच्या माणसाला ते बटण कळणार कुठून.

या कॉलवाल्या प्रकारात एक सापळा आहे. मोबाइल उचलला नाही की कॉल मोबाइल कंपनीच्या व्हॉइसमेलवर जातो, सिस्टिमला वाटतं कोणीतरी उचलला आणि ती तिथेच "तुम्हाला नवीन मेसेज आहे" म्हणून बोलत बसते. म्हणून नोटिफिकेशनसाठी दिलेल्या नंबरचं मोबाइल कंपनीचं व्हॉइसमेल बंद करा, किंवा रिंगची संख्या एवढी कमी ठेवा की तिकडे जायच्या आधी सिस्टिम कॉल सोडेल आणि थोड्या वेळाने परत करेल. मेसेज ऐकवण्याआधी पिन मागायला लावा, फोन घरात दुसऱ्या कोणी उचलला तर ऑफिसचा मेसेज त्याच्या कानावर जायला नको. आणि सिस्टिमचा नंबर कॉन्टॅक्टमध्ये फेव्हरिट करून ठेवा, म्हणजे डू नॉट डिस्टर्बमध्ये फेव्हरिटला परवानगी देऊन तो वाजवता येतो.

ग्रुप मेलबॉक्स, म्हणजे सपोर्ट किंवा सेल्सचा सामायिक मेलबॉक्स, इथे तर जबाबदार माणूस ठरवल्याशिवाय नोटिफिकेशन लावूच नका. सहा जणांना एकदम ईमेल गेला की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघेल. त्यापेक्षा पायऱ्या लावा, आधी ड्यूटीवर असलेल्याला, पंधरा मिनिटांत मेसेज कोणी घेतला नाही तर टीम लीडला, अजून पंधरा मिनिटांनी मॅनेजरला. युनिटी कनेक्शनमध्ये याला कॅस्केडिंग म्हणतात, मेसेज कोणी सेव्ह किंवा डिलीट करेपर्यंत पुढच्या पुढच्या माणसाला कळवत जातं. चेनिंग म्हणून अजून एक प्रकार आहे, त्याच्याशी गल्लत करू नका, चेनमध्ये पहिल्या डिव्हाइसला पाठवणं फेल झालं तरच पुढच्याला जातं, त्यामुळे चेनची सुरुवात ईमेलने केली तर ती पुढे सरकतच नाही, कारण ईमेल सर्व्हरच्या हातात दिला की सिस्टिमच्या लेखी तो पोचलाच. तिथेच डिस्पॅच मेसेज पण असतात, सगळ्यांना जातो पण पहिल्याने स्वीकारला की बाकीच्यांच्या मेलबॉक्समधून निघून जातो, सपोर्ट टीमला हा प्रकार फार सोयीचा पडतो.

आता सुरक्षेचं. व्हॉइसमेलच्या नावाने खोटे ईमेल भरपूर फिरतात, "तुम्हाला १ नवीन व्हॉइस मेसेज" आणि खाली एचटीएमएलची फाइल किंवा लिंक, उघडली की ऑफिसच्या पासवर्डचं पान. आवाजाची फाइल वेव्ह किंवा एमपी३ असते, ती एचटीएमएलची नसते. आपल्या सिस्टिमचा मेल नेमका कसा दिसतो त्याचा एक नमुना सगळ्यांना दाखवून ठेवा, आणि शंका आली की लिंक न दाबता टेबलावरच्या फोनवरून मेलबॉक्स ऐका, खरा मेसेज असेल तर तिथे असणारच. ज्यांच्याकडे पगाराचे, तब्येतीचे, कोर्टाचे मेसेज येतात त्यांची अटॅचमेंट आणि मजकुरात उतरवलेला मेसेज दोन्ही बंद ठेवा, तो मजकूर लॉक स्क्रीनवर कोणीही वाचू शकतं.

सगळं लावून झालं की बाहेरच्या मोबाइलवरून टेस्ट करा, आतल्या एक्स्टेंशनवरून नको, कारण बाहेरचा कॉल वेगळ्या वाटेने येतो आणि नंबर पण वेगळा दिसतो. एक साधा मेसेज ठेवा, एक अर्जंट ठेवा, आणि ऑफिस सुटल्यावर एक ठेवा, कारण शेड्यूलची चूक त्याच वेळी सापडते. सर्व्हरचा टाइमझोन चुकला असेल तर दिवसाचं नोटिफिकेशन दुपारी शांत आणि रात्री चालू असं उलटं होतं. मेलबॉक्स भरलाय का तेही बघा, ॲस्टरिस्कमध्ये बदललं नसेल तर एका फोल्डरला १०० मेसेजची मर्यादा असते, भरला की कॉल करणाऱ्याला मेसेज ठेवताच येत नाही, आणि मेसेजच नाही म्हटल्यावर नोटिफिकेशन कशाचं येणार.

रजेवर जाताना मोबाइलचं नोटिफिकेशन बंद करून ग्रीटिंगमध्ये दुसऱ्याचं एक्स्टेंशन सांगा, आणि आल्यावर दोन्ही परत लावा. कोणी नोकरी सोडून गेलं तर त्याचा मेलबॉक्स दुसऱ्याला देताना नुसता पिन बदलून भागत नाही, जुना ईमेल, जुना मोबाइल नंबर आणि फोनवरचं ॲप लॉगिन तिन्ही काढा, नाहीतर कस्टमरचे मेसेज त्या माणसाच्या खिशात वाजत राहतात.