कंट्रोल प्लेटवरच्या तीन कॉलन्या

बारावीची मुलं विचारतात, "ताई, परग्रहावरचे जीव शोधायचे तर फिजिक्सच घ्यावं लागतं ना?" फिजिक्सवाले लागतातच. पण मी साताऱ्यात मायक्रोबायोलॉजी घेऊन बीएस्सी केलं आणि या विषयात शिरले ती जांभ्याच्या कातळावरून.

यवतेश्वरचा घाट चढून गेलं की मे महिन्यात कातळातली डबकी कोरडी ठाक असतात. तळाला काळा पापुद्रा उरतो. नखानं खरवडला की पापडासारखा तुटतो. त्यातले सायनोबॅक्टेरिया, म्हणजे उजेडावर स्वतःचं अन्न बनवणारे जीवाणू, उन्हात सुकून पडतात आणि पाणी मिळालं की पुन्हा जागे होतात. मला त्यांच्या सोबतीनं राहणारे जीवाणू हवे होते. पापुद्रा निर्जंतुक पाण्यात कालवला, अगरवर, म्हणजे जीवाणू वाढवायच्या जेलीच्या प्लेटवर, पसरला. दोन दिवसांनी इन्क्युबेटर उघडला, तर प्लेटभर कॉलन्या, म्हणजे वाढलेल्या जीवाणूंचे ठिपके! मी धावत मॅडमना दाखवायला गेले. त्यांनी एवढंच विचारलं, "कंट्रोल कुठाय?"

कंट्रोल म्हणजे तुलनेसाठी नुसतं पाणी पसरलेली प्लेट. ती मी पाहिलीच नव्हती. तिच्यावर तीन कॉलन्या होत्या. म्हणजे पाणीच निर्जंतुक झालं नव्हतं. तीन आठवड्यांचं काम गेलं, मी खूप रडले.

मंगळावर 2021 साली उतरलेल्या नासाच्या पर्सिव्हरन्स गाडीत नमुन्यांच्या 43 नळ्या आहेत. त्यांतल्या 5 नळ्यांत दगड भरायचाच नाही. पृथ्वीवरून सोबत काय घाण गेली, हे त्या सांगणार. कंट्रोल प्लेटच की!

आपल्या कोयनेचंही तेच. भूकंपांच्या अभ्यासासाठी तिथं सुमारे 3 किलोमीटर खोल भोक पाडलं. वर सव्वा किलोमीटर बेसाल्ट, खाली ग्रॅनाइट, उजेडाचा लवलेश नाही. तरी त्या खडकांत जीवाणूंच्या खुणा मिळाल्या. पण ड्रिलिंगच्या पाण्यातले जंतू वगळल्याशिवाय तसं म्हणता येत नाही. मंगळाचा पृष्ठभागही बराचसा बेसाल्टचाच, म्हणून कोयनेचा हा खोलवरचा खडक मला फार मोलाचा वाटतो.

जीव मुळात कसा उपजला याची ओढ असेल, तर केमिस्ट्री घ्या. 1953 साली स्टॅन्ली मिलर यांनी पाणी, मिथेन, अमोनिया, हायड्रोजन यांत ठिणग्या पाडून अमिनो आम्लं मिळवली. तिथून जिवंत पेशीपर्यंतची वाट अजून कुणाला सापडलेली नाही. बीएस्सीनंतर जॅम, म्हणजे आयआयटीतल्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा, द्या. बायोटेक्नॉलॉजी, केमिस्ट्री, जिऑलॉजी, सगळे पेपर आहेत.

सुरुवात घराजवळच्या डबक्यापासून करा. कास पठारावरून मात्र काही उचलू नका, ते संरक्षित आहे. दोन प्लेटा लावा, एक पापुद्र्याची, एक नुसत्या पाण्याची. पाण्याची आधी उघडा.