दवाखान्याची पिशवी भरण्याआधी: बदललेले नियम आणि घरातली कागदं

आरोग्य विम्याचे आणि सरकारी योजनांचे नियम २०२४ आणि २०२५ मध्ये बरेच बदलले, आणि त्यातले बहुतेक बदल रुग्णाच्या बाजूचे आहेत. पण जळगावच्या किंवा धुळ्याच्या दवाखान्यात पेशंट ॲडमिट करताना नियम कामाला येतो तो कागद हातात असेल तरच. म्हणून घरात सगळे धडधाकट असतानाच एक रविवार काढा आणि पुढची कामं हातावेगळी करा.

पहिलं काम रेशनकार्डाचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत धुळे होतं. तेव्हापासून आपल्याकडे समज बसला आहे की ही योजना पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्यांची. जुलै २०२४ पासून पांढरं कार्डही चालतं आणि संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. अमळनेर-चोपड्याकडे अनेक घरांत मी ऐकतो, "कार्ड शे ना, मंग काय!" कार्ड असतं, पण नावं उघडून कोणी बघत नाही. सुनेचं नाव माहेरच्या कार्डातून कमी झालेलं असतं आणि सासरच्या कार्डावर चढलेलंच नसतं. नातू तीन वर्षांचा झाला तरी कार्डात नाही. आधारवर 'सुनंदाबाई', कार्डावर 'सुनंदा', आडनावाची वेलांटी वेगळी. दवाखान्यातल्या आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेचे कागद बघणाऱ्या माणसाच्या, टेबलावर नेमकं इथेच घोडं अडतं. तहसीलच्या पुरवठा शाखेतून नावं दुरुस्त करून घ्या, प्रत्येकाची ई-केवायसी झाली का बघा, आणि आयुष्मान कार्ड, म्हणजे योजनेचं ओळखपत्र, काढून त्याची एक रंगीत प्रत पिशवीत ठेवा. योजनेतल्या उपचारासाठी दवाखान्याने पैसे मागितले तर १५५३८८ वर तक्रार करा, आणि ती तिथेच उभं राहून करा.

घरात सत्तरी ओलांडलेलं कोणी असेल तर त्यांचं 'आयुष्मान वय वंदना' नावाचं कार्ड वेगळं काढायचं. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्यांना कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे, उत्पन्नाची अट नाही, खासगी पॉलिसी असली तरी चालतं. वय मात्र आधारवरचंच धरतात. आपल्या खेड्यापाड्यांतल्या कितीतरी आजी-आजोबांची आधारवरची जन्मतारीख १ जानेवारी आहे, आणि साल अंदाजाने टाकलेलं. त्यामुळे वय दोन-तीन वर्षांनी कमी लागलं असेल तर आजोबा खरे एकाहत्तरचे असूनही योजनेबाहेर राहतात. शेतात राबून बोटांचे ठसे पुसट झाले असतील तर ओटीपीने किंवा चेहरा दाखवूनही काम होतं, फक्त ओटीपीसाठी मोबाइल नंबर आधारला जोडलेला हवा. वरणगाव-भुसावळच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले आणि सीजीएचएसमध्ये, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेत, असलेले असतील, तर त्यांनी दोन्हींपैकी एकच निवडायचं आहे. ते घाईने ठरवू नका.

नंदुरबार-नवापूरच्या लोकांना सुरत जवळ पडतं, यावल-रावेरच्या लोकांना बऱ्हाणपूर. तिकडे जाण्याआधी आपलं कार्ड त्याच दवाखान्यात आणि त्याच आजारासाठी चालतं का, हे आयुष्मानच्या १४५५५ या क्रमांकावर विचारून घ्या. गाडी ठरवण्याआधी हा फोन झाला पाहिजे.

आता खासगी पॉलिसी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाला मिळून एकच) आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. नूतनीकरणाच्या पावतीवर कराची ओळ बघा, आणि मूळ हप्ता गेल्या वर्षीच्या पावतीशी ताडून पाहा. पतसंस्थेमार्फत किंवा नोकरीतून घेतलेल्या ग्रुप पॉलिसीला ही सूट नाही. साठीच्या वरच्यांचा हप्ता कंपनीला वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल, तर आधी नियामकाशी, म्हणजे आयआरडीएआयशी, सल्लामसलत करावी लागते. हप्त्याची तारीख चुकवू नका. कापसाचे पैसे हातात येईपर्यंत थांबू, असं म्हणून लोक थांबतात. सवलतीच्या ३० दिवसांत भरलं तर सलगता टिकते, पण एकरकमी भरणाऱ्याला त्या मधल्या दिवसांतल्या आजाराचा खर्च मिळत नाही.

सलगता का जपायची? एप्रिल २०२४ पासून पॉलिसी घेण्याआधीच्या आजारासाठीचा प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त ३६ महिने झाला, पूर्वी तो ४८ होता. आणि सलग ६० महिने पॉलिसी चालली की आजार लपवला म्हणून दावा नाकारता येत नाही. अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. म्हणून पहिल्या वर्षापासूनच्या सगळ्या पॉलिसी एका दोऱ्यात बांधून ठेवा. प्रस्ताव अर्जात बीपी-शुगर खरं लिहिलंय का, हेही आजच वाचा.

यातलीच सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे केसपेपरवरची पहिली ओळ. रात्री दीड वाजता वडिलांना छातीत दुखतंय म्हणून आणलंय, ड्युटीवरचे डॉक्टर विचारतात, "बीपी केव्हापासून?" घाबरलेला मुलगा म्हणतो, "असेल सात-आठ वर्षं." ते 'आठ वर्षं' केसपेपरवर चढतं, पॉलिसी चार वर्षांची असते, आणि दावा तिथेच अडतो. खरं काय ते घरी आधीच शोधून ठेवा: पहिली गोळी कोणत्या तारखेला सुरू झाली, ती चिठ्ठी कुठे आहे. तिची प्रत पिशवीत ठेवा आणि विचारलं की तीच पुढे करा.

दवाखाना निवडताना भिंतीवरचं नोंदणी प्रमाणपत्र आणि त्यावरची मुदत बघा. पॉलिसीच्या व्याख्येत नोंदणीकृत रुग्णालय चालतं. नोंदणी नसेल तर १० लाखांहून कमी वस्तीच्या गावात किमान १० खाटा, चोवीस तास नर्स आणि डॉक्टर, स्वतःचं ऑपरेशन थिएटर अशा सगळ्या अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. आपल्या तालुक्याच्या गावांतले अनेक चांगले दवाखाने पाच-सहा खाटांचे आहेत, त्यामुळे तिथे सगळं त्या प्रमाणपत्रावर येऊन ठेपतं.

कॅशलेससाठी कंपनीने एका तासात उत्तर द्यायचं आहे, आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत. उशीर झाला तर वाढलेला दवाखान्याचा खर्च कंपनीने सोसायचा. हा आयआरडीएआयचा मे २०२४ चा आदेश आहे. फाइल कितीला पाठवली ते डेस्कवर विचारा, वेळ वहीत टिपा, जमलं तर ईमेलचा फोटो घ्या. दावा नाकारला तर पॉलिसीच्या कोणत्या कलमाने, ते लेखी मागा. आधी कंपनीकडे तक्रार करा. महिन्यात निकाल लागला नाही किंवा पटला नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद चालतात. आपल्यासाठी कार्यालय पुण्याचं.

शेवटी गावातल्या डॉक्टर मंडळींसाठी. राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ च्या दुरुस्तीने दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. ती मराठीत आणि वाचता येईल इतक्या उंचीवर लावा. बिल थकलं म्हणून मृतदेह अडवता येत नाही, हे रात्रपाळीच्या काउंटरवरच्या मुलालाही माहीत असू द्या. रुग्णाने कागदांची मागणी केली तर ७२ तासांत प्रती द्यायच्या आहेत. व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. तोवर सोनोग्राफीचे रिपोर्ट स्टाफच्या खासगी मोबाइलवरून फिरणं थांबवा, कॉम्प्युटरचा सगळ्यांना ठाऊक असलेला पासवर्ड बदला, आणि रुग्णाची माहिती कोणाला व कशासाठी देता याचा एक साधा संमतीचा कागद छापून घ्या. गरज वाटली तर अहिराणीत, भिलीत किंवा पावरीत तो वाचून दाखवणारं माणूस काउंटरवर बसवा.