साइटवर नवीन आहात? मग एएसी ब्लॉक नीट समजून घ्या

सिव्हिल करून नाशकात पाथर्डी फाटा, गंगापूर रोड साइडला ज्युनियर म्हणून लागणाऱ्या पोरांसाठी लिहितोय. कॉलेजात लाइटवेट काँक्रीट दोन-चार मार्कांत संपतं आणि साइटवर पहिल्या आठवड्यातच एएसी (ऑटोक्लेव्ह्ड एरेटेड काँक्रीट, म्हणजे आत बारीक पोकळ्या असलेलं हलकं काँक्रीट) ब्लॉकची गाडी समोर येऊन उभी राहते.

साधं काँक्रीट घनमीटरला २४०० किलोच्या आसपास, हा ब्लॉक सुका असताना ५५० ते ६५०, म्हणजे पाण्यावर तरंगतो. २०० मिमीची भिंत चौरस मीटरला ओलावा, मॉर्टर धरूनही १५० किलोच्या आसपास बसते, नऊ इंची विटेची ४०० च्या वर जाते, मग बीम, कॉलम, फाउंडेशन सगळ्यांचाच लोड उतरतो, खरी बचत तिथे आहे. ब्लॉकच्या रेटवर भांडत बसणाऱ्यांना हे कळतच नाही.

जमलं तर एकदा प्लांट बघून याच. फ्लाय ॲश (आपल्या एकलहऱ्याच्या थर्मलमधून निघते तीच जातीची राख), सिमेंट, चुना, जिप्सम, पाणी आणि चिमूटभर ॲल्युमिनियम पावडर. चुन्याशी रिॲक्शन होऊन हायड्रोजन सुटतो आणि माल साच्यात ढोकळ्यासारखा फुगतो. थोडा घट्ट झाला की तारेने कापतात, मग ऑटोक्लेव्हमध्ये (मोठ्या प्रेशर कुकरसारखी बंद टाकी) १८०-१९० डिग्रीला प्रेशरच्या वाफेत आठ-दहा तास. ही वाफ महत्त्वाची, ताकद तिथेच येते. सीएलसी (सेल्युलर लाइटवेट काँक्रीट) वेगळं हां, त्यात तयार फेस मिसळतात आणि ऑटोक्लेव्ह लागत नाही, इंटरव्ह्यूला यात बरेच जण गोंधळतात.

ताकद चौरस मिमीला ३-४ न्यूटनच, म्हणून आरसीसी फ्रेममध्ये भिंत भरायलाच वापरायचा, त्यावर स्लॅब टेकवायचा नाही.

आता गवंडीकाम, सगळी कटकट इथे. जुने मिस्त्री विटेच्या सवयीने ब्लॉक पाण्यात बुडवायला निघतात, त्यांना थांबवा, नुसता पृष्ठभाग ओलसर करायचा. ब्लॉक जेवढं पाणी पितो तेवढा सुकताना आकसतो आणि मग भिंतीला तडे. जॉइंटिंग मॉर्टर ३ मिमीच, जाड सिमेंटचा थर नको. कॉलमला भिंत भिडते तिथे प्लास्टरआधी चिकन मेश (तारेची बारीक जाळी) मारलीच पाहिजे, काँट्रॅक्टर "नंतर बघू" म्हणाला तरी. वायरिंगची झिरी कटरने, छिन्नी-हातोडा दिसला की काम बंद करा. आणि पावसाळ्यात ब्लॉकच्या थप्प्या ताडपत्रीखाली, जमिनीपासून उचलून ठेवा, भिजलेला माल मिस्त्री तसाच लावून मोकळा होतो.